उलाळ गाडी

१९६० च्या दशकाच्या मध्यावर, स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागातील पोर्शे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये काही काळ एक गुपित असे. बंपरच्या दोन्ही टोकांना, आतल्या बाजूने, बिडाचे एकेक वजन बसवलेले असे. एकेक वजन सुमारे ११ किलोचे. स्पोर्ट्स कारचा कारखाना म्हणजे वजनाशी वैर धरलेली जागा. तिथे पत्र्याची जाडी, काचेची जाडी, दाराच्या कडीचे वजनसुद्धा तोलूनमापून ठरते. अशा ठिकाणी कोणत्याही कामी न येणारे सुमारे २२ किलो बीड नव्या गाडीच्या नाकात भरावे लागत होते, ते गाडीचे शेपूट वळणावर नाकाच्या पुढे जाऊ नये म्हणून.

बैलगाडी हाकणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक होते. गाडीत मागच्या बाजूला माल जास्त भरला गेला की गाडी ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना गाडी आवरत नाही. उलाळ गाडीवर गाडीवानाचा इलाज एकच, भार पुढे सरकवणे. पोर्शेच्या अभियंत्यांना तो मार्ग बंद होता, कारण त्यांच्या गाडीतला सर्वांत जड माल म्हणजे इंजिन, आणि ते मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले होते. एकूण वजनाचा सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के भार मागच्या चाकांवर येई.

मागे भार असण्यात वाईट काय, हे समजण्यासाठी आधी टायर समजून घ्यावा लागतो. टायर रबराचा असतो. वळणावर बाजूने जोर आला की तो थोडा मुरडतो. चाकाचे तोंड ज्या दिशेला असते, त्याच दिशेने चाक तंतोतंत जात नाही, दोहोंत काही अंशांचा कोन पडतो. ज्या टोकाला भार अधिक, त्या टोकाच्या टायरांना वळणावर अधिक जोर पेलावा लागतो आणि हा कोन तिथे मोठा होतो. पुढचा कोन मोठा असेल तर गाडी मागितल्यापेक्षा कमी वळते. हा दोष सोशीक आहे: चालक घाबरून वेग कमी करतो, स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि बहुधा वाचतो. मागचा कोन मोठा असेल तर गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते. जास्त वळली की बाजूचा जोर वाढतो, जोर वाढला की ती आणखी वळते, आणि वेग पुरेसा असेल तर ही साखळी गाडी गर्रकन फिरल्यावरच तुटते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले ब्रिटिश अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात या दोन वृत्तींचा पद्धतशीर अभ्यास केला. आज मोटारींच्या परीक्षणांत येणारे ‘अंडरस्टिअर’ आणि ‘ओव्हरस्टिअर’ हे शब्द त्यांच्याच कामातून रूढ झाले.

म्हणजे पोर्शेची पहिली गाडी रस्त्यावर आली तेव्हा हे ज्ञान उपलब्ध होते. खरे तर १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी, एका जुन्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या जागेत, पोर्शे नावाची जी पहिली गाडी तयार झाली, तिचे इंजिन मागच्या आसाच्या पुढे होते. भार मध्यभागी, दोन आसांच्या आत. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष मांडणी. पण त्या गाडीत दोन माणसांपलीकडे काही मावत नव्हते, आणि युद्धाने खंगलेल्या युरोपात सुटे भाग मिळायचे ते फोक्सवॅगनचे. म्हणून विक्रीसाठी जी ३५६ गाडी बनवली, तिच्यात इंजिन फोक्सवॅगनप्रमाणेच आसाच्या मागे गेले. मागच्या बाजूला दोन छोट्या बैठका व सामानाची जागा मिळाली आणि खर्च आटोक्यात आला. हा निर्णय पैशाचा आणि जागेचा होता. त्याचे व्याज पुढे साठ-सत्तर वर्षे फेडावे लागले.

त्या निर्णयाबरोबर आणखी एक वारसा आला, झुलत्या आसाचा. एडमुंड रुम्पलर यांनी १९०३ साली पेटंट घेतलेल्या या रचनेत मागचा आस मधोमध दुभंगलेला असतो. प्रत्येक अर्धा भाग मधल्या गिअरपेटीजवळच्या सांध्यावर झुलतो आणि चाक त्याच्या टोकाला घट्ट बसवलेले असते. खडबडीत रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही, हा फायदा. पण चाक वरखाली होताना वर्तुळाच्या कंसात फिरते, त्यामुळे ते सतत तिरपे होत राहते. जोरात वळताना बाहेरच्या बाजूच्या चाकावरचा आडवा जोर त्या झुलत्या दांड्यावरून गाडीचे शेपूट वर उचलतो. शेपूट उचलले की चाक आत दुमडते, टायर कडेवर उभा राहतो आणि रस्त्याशी असलेली तळहाताएवढी पकडही जाते. ३५६ च्या १९६० च्या ‘सुपर ९०’ प्रकारात दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा पाटा खालून बसवण्यात आला, तो शेपूट असे उचलले जाताना चाकांना आत दुमडू न देण्यासाठी.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे हेच दुखणे एका सार्वजनिक वादाचे कारण ठरले. जनरल मोटर्सने १९६० च्या हंगामासाठी शेव्हरोले कॉर्व्हेअर ही गाडी आणली. मागे टांगलेले इंजिन, झुलता आस, आणि खर्च वाचवण्यासाठी पुढचा अँटी-रोल बार वगळलेला. तोल सांभाळण्यासाठी कंपनीने उपाय योजला तो हवेचा: पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्या टायरांत २६ पौंड दाब ठेवावा, अशी शिफारस केली. शास्त्र म्हणून हे अचूक आहे. मागचा टायर कडक ठेवला की कमी मुरडतो, पुढचा मऊ ठेवला की जास्त मुरडतो, आणि शेपटीचा उद्धटपणा झाकला जातो. पण गाडीची स्थिरता अशा तऱ्हेने पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या हाती गेली. सगळ्या गाड्यांत चारही चाकांत सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या देशात त्याने सारखी हवा भरली, की अभियंत्याचे गणित तिथेच संपले. राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर आहे. न्यायाची बाब म्हणून हेही नोंदले पाहिजे की १९६४ मध्ये कंपनीने पाटा आणि अँटी-रोल बार बसवला होता, १९६५ मध्ये मागची रचना मुळापासून बदलली होती, आणि १९७२ च्या सरकारी अहवालाने कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांपेक्षा अधिक उलथणारी नव्हती असा निष्कर्ष काढला. तोवर गाडीचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती. तरीही नेडर यांचा मूळ प्रश्न त्या अहवालाने निकालात निघत नाही. यंत्राच्या रचनेतली उणीव भरून काढण्याचे काम वापरणाऱ्याच्या अंगावर टाकावे काय?

पोर्शे ९११ चा पुढचा इतिहास या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे, जरी त्या कारखान्यात तो त्या शब्दांत कोणी विचारला नसेल.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने आली; मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावावर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली. झुलता आस गेला होता. त्याच्या जागी प्रत्येक मागच्या चाकाला गाडीच्या सांगाड्यापासून तिरपा मागे येणारा एक भक्कम हात मिळाला. चाकाचे दुमडणे थांबले. उलाळपणा मात्र तसाच राहिला. दोन आसांतले अंतर अवघे २२११ मिलिमीटर, आणि सहा सिलिंडरचे इंजिन आधीच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जड. बंपरमधले बीड आले ते या अडचणीतून.

या गाडीचा खरा धोका वळणावर पाय उचलण्यात होता. वेगाने वळणात शिरलेल्या चालकाला वळण अपेक्षेपेक्षा घट्ट वाटले, तर तो काय करतो? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. भीतीची ही उपजत प्रतिक्रिया आहे आणि बहुतेक गाड्यांत ती जीव वाचवते. ९११ मध्ये पाय उचलताच भार पुढे झुकतो आणि मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो, नेमका जेव्हा त्या जड शेपटीला रोखून धरायचे असते तेव्हा. शिवाय इंजिनाचा रोध मागच्या चाकांना पाठीमागे खेचतो. तिरप्या हाताच्या सांध्यातले रबर त्या खेचण्याने दबते, आणि चाकाचे तोंड किंचित बाहेर वळते. अंशाचा काही भाग एवढेच ते वळणे, पण चुकीच्या बाजूला. तीनही गोष्टी एकाच क्षणी एकाच दिशेने घडतात. जाणकार चालक एकमेकांना सांगत: वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी कर, आत शिरल्यावर काहीही झाले तरी पाय उचलू नकोस. म्हणजे गाडी सुरक्षितपणे चालवण्याची विद्या चालकाच्या मनगटात आणि घोट्यात होती. ज्याच्यापाशी ती नव्हती, त्याने भीतीच्या क्षणी भीतीच्या विरुद्ध वागावे अशी गाडीची अपेक्षा होती.

ही विद्या हळूहळू चालकाकडून काढून आसाच्या भूमितीत कशी घातली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले मोठे पाऊल १९६८ च्या उत्तरार्धात पडले. इंजिन जागचे हलवता येत नव्हते, म्हणून चाके हलवली. मागच्या आसाचे हात लांब करून चाके ५७ मिलिमीटर मागे नेली आणि अंतर २२६८ मिलिमीटर झाले. इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा करून मागचे वजन घटवले, आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या गाडीच्या नाकात दोन बाजूंना बसवल्या. बिडाची गरज संपली. पुढे १९७२ च्या गाड्यांत इंजिन-तेलाची टाकीही मागच्या आसाच्या पुढे आणली. तोल सुधारला, पण टाकीचे झाकण उजव्या दाराच्या मागे बाहेरून दिसू लागले आणि पेट्रोलपंपावर त्यात पेट्रोल ओतले जाऊ लागले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा जुन्या जागी गेली. चांगले भौतिकशास्त्र पेट्रोलपंपावर हरण्याची या गोष्टीतली ही दुसरी वेळ.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘कॅरेरा आरएस २.७’ मध्ये दोन नव्या गोष्टी होत्या. मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला पत्रा, जो वेगात गाडीचे ढुंगण वर उचलणाऱ्या हवेला आळा घालतो. आणि पुढच्यापेक्षा रुंद मागची चाके. पुढचे टायर १८५, मागचे २१५ मिलिमीटर रुंदीचे. जिथे भार जास्त तिथे रबर जास्त. कॉर्व्हेअरने हवेच्या दाबाने जे साधू पाहिले, तेच इथे टायरच्या रुंदीने साधले. फरक एवढाच की रुंदी पंपावर बदलता येत नाही.

१९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या टर्बो गाडीने यातले बरेचसे कमावलेले गमावले. २६० अश्वशक्ती, आणि ती उशिरा पण एकदम येणारी. पाय दाबल्यावर क्षणभर काही घडत नसे आणि मग मधमाश्यांचे पोळे फुटावे तशी शक्ती उसळे, बहुधा वळणाच्या मध्यावर. घाबरून पाय उचलला की जुनी कथा. इंग्रजी जगात या गाडीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असे नाव पडले. टोपणनावात अतिशयोक्ती असते. पण एखाद्या यंत्राच्या नावात विधवा याव्यात, यातच त्याच्या रचनेबद्दल पुरेसे सांगितले जाते.

पोर्शेच्या व्यवस्थापनालाही उलाळ गाडीचे दिवस संपले असे वाटत होते. १९७७ मध्ये तिची वारसदार म्हणून ९२८ आली, इंजिन पुढे आणि गिअरपेटी मागे अशी. आणि या वारसदार गाडीतच तो शोध लागू झाला, जो पुढे थोरलीला तारणार होता. कंपनीच्या संशोधन केंद्राच्या गावावरून त्याला ‘वाइसाख आस’ म्हणतात. कल्पना अशी: चाक मागे खेचले गेले की रबर दबणार, ते टाळता येत नाही. मग दबू द्यावे, पण सांध्याची मांडणी अशी करावी की त्या दबण्याने चाकाचे तोंड बाहेर न वळता आत वळेल. हाताच्या पुढच्या टोकाशी एक छोटी डुलती कडी घातली, आणि चालकाने वळणावर पाय उचलताच बाहेरचे मागचे चाक आपणहून किंचित आत वळू लागले, म्हणजे शेपटीला रोखणाऱ्या दिशेला. ना संगणक, ना मोटर. भीतीने उचललेला पायच गाडीला सावरू लागला. मोटारींच्या इतिहासात याहून चमकदार शोध पुष्कळ आहेत, याहून माणुसकीचा क्वचितच असेल.

९११ मात्र संपली नाही. १९८१ मध्ये सूत्रे हाती घेतलेले पेटर शुट्झ यांनी स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे: तांत्रिक विभागाचे प्रमुख हेल्मूट बॉट यांच्या खोलीतल्या भिंतीवरील तक्त्यात इतर गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची त्याच वर्षाअखेर थांबत होती. शुट्झ यांनी लेखणी उचलली आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून ओढत नेली. तिच्या बाजूने केवळ भावना नव्हती. मागे भार असलेली गाडी वळणातून बाहेर पडताना जमीन घट्ट धरते, आणि ब्रेक लावल्यावर भार पुढे झुकला तरी मागच्या चाकांवर पुरेसा उरतो, म्हणून चारही ब्रेक मनापासून काम करतात.

१९८९ च्या ९६४ पिढीत पिळाच्या दांड्या जाऊन गुंडाळी स्प्रिंगा आल्या, चारही चाकांना शक्ती देणारा प्रकार आला. निर्णायक बदल १९९३ च्या ९९३ पिढीत झाला. तिरपा हात निवृत्त झाला आणि प्रत्येक मागच्या चाकाला अनेक स्वतंत्र दांड्यांनी सावरणारी नवी रचना मिळाली, वाइसाख आसाचे तत्त्व पोटात घेतलेली. ती मुळात रद्द झालेल्या ९८९ या चार दारी गाडीसाठी आखलेली होती. एका गाडीच्या अपयशातून दुसरीला नवे पाय मिळाले.

हेच गणित पुढे भारतातही सोडवावे लागले, अगदी दुसऱ्या टोकाच्या गाडीसाठी. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी नॅनो सादर केली. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे, आणि मागच्या चाकांना तिरप्या हातांचाच आधार. पुण्यात या गाडीवर काम करणाऱ्या अभियंत्यांपुढे वेग पोर्शेचा नव्हता, पण उलाळपणा तोच होता. नॅनोचे पुढचे टायर १३५ आणि मागचे १५५ मिलिमीटर रुंदीचे होते. लाखाच्या घरातली गाडी, जिच्या चाकांना तीनच नट ठेवून पैसा वाचवला होता, तिच्यात दोन मापांचे टायर ठेवण्याची चैन कोणी उगाच केली नव्हती. त्या वेळी या गाडीच्या किमतीची आणि सिंगूरची चर्चा भरपूर झाली. टायरांच्या त्या २० मिलिमीटरांची फारशी झाली नाही.

९११ च्या अलीकडच्या पिढ्यांत काम उरले ते बारकाव्यांचे. २०११ मध्ये आसांतले अंतर आणखी १०० मिलिमीटर वाढून २४५० झाले. २०१३ पासून काही प्रकारांत मागची चाकेही स्टिअरिंगबरोबर वळू लागली: ताशी ५० किलोमीटरच्या आत पुढच्यांच्या उलट दिशेला, म्हणजे आखूड गाडीसारखी चपळ, ८० च्या वर त्याच दिशेला, म्हणजे लांब गाडीसारखी स्थिर. २०२१ च्या जीटी३ मध्ये पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन मिळाले, जेणेकरून गाडी कितीही झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट राहावा.

ही पुढची रचना आली होती शर्यतीच्या ९११ आरएसआरवरून. आणि त्या आरएसआरबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोर्शेने तिची नवी आवृत्ती दाखवली तेव्हा इंजिन मागच्या आसाच्या पुढे आलेले होते. शर्यतीत सेकंदाचा अंश महत्त्वाचा. मागच्या टायरांवरचा ताण कमी करायचा होता, आणि गाडीच्या बुडाखालून वाहणाऱ्या हवेला मागे मोकळी वाट हवी होती. तिथे परंपरेचा मुलाहिजा राखायला कोणी तयार नव्हते. विकल्या जाणाऱ्या ९११ चे इंजिन मात्र आजही आसाच्या मागेच आहे.

भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रा कंपनीने बीई ६ ही विजेची मोटार आणली. तिचे यंत्र मागच्या चाकांशी आहे, आणि प्रत्येक मागचे चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी सावरलेले आहे. पण तिच्यातला सर्वांत जड भाग यंत्र नसून बॅटरी आहे, आणि ती बैठकांच्या खाली, दोन आसांच्या मधे, जमिनीलगत अंथरलेली आहे. ग्म्युंडच्या गिरणीत १९४८ साली बनलेल्या त्या पहिल्या गाडीतही जडभार दोन आसांच्या आतच होता.